चटई कोपऱ्यातच आहे ना अजून?

मागच्या अंकात मी सहज लिहिलं होतं की योगा करताना कुठे अडतंय ते कळवा, तर एवढे मेसेज आले की ते वाचण्यात माझाच एका दिवसाचा सराव बुडाला (हो, माझाही बुडतो). सगळ्यांना उत्तर देणं काही जमणार नाहीये, म्हणून जे प्रश्न तीन-चार जणांनी वेगवेगळ्या शब्दांत विचारलेत ते घेतलेत आणि नावं गाळलीत. आणि आधीच सांगून ठेवते, मी योगशिक्षिका आहे, डॉक्टर नाही, त्यामुळे जिथे डॉक्टरांचं काम आहे तिथे मी सरळ त्यांच्याकडे पाठवणार, राग मानू नका.

प्रश्न: ताई, वय २९, काम दिवसभर लॅपटॉपवर. आतापर्यंत चार वेळा योगा सुरू केला आणि चारही वेळा आठ-दहा दिवसांत बंद पडला. दर वेळी नवीन मॅट, नवीन ॲप, पहाटे पाचचा अलार्म. आता घरचे हसतात. माझ्यात विल पॉवरच नाही का?

विल पॉवर नसती तर पाचव्यांदा सुरू करायचा विचार करत मला मेसेज टाकला नसतास गं. गडबड तुझ्यात नाहीये, त्या पाचच्या अलार्ममध्ये आहे. रोज साडेसातला उठणारं माणूस एकदम पाचला उठून तासभर घाम गाळायला लागलं की पहिले चार दिवस उत्साह खेचून नेतो, मग झोप कमी पडायला लागते, अंग दुखतं, आणि दहाव्या दिवशी शरीर संप पुकारतं. त्याचं काय चुकलं सांग?

आणि ते २१ दिवसांत सवय लागते वगैरे डोक्यातून काढून टाक. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या संशोधकांनी ९६ जणांना रोज एक नवीन साधी गोष्ट १२ आठवडे करायला लावली होती, ती न आठवता आपोआप व्हायला सरासरी ६६ दिवस लागले, कुणाला १८ पुरले तर कुणाला हिशोबाने २५४ लागले असते. म्हणजे दहाव्या दिवशी तुला कंटाळा आला तेव्हा सवय लागायची जेमतेम सुरुवात होत होती. त्याच अभ्यासात अजून एक दिसलं जे मला फार आवडतं, एखादा दिवस चुकला तर काहीही बिघडत नाही. आपण मात्र एक दिवस चुकला की 'गेलं सगळं' म्हणून मॅट गुंडाळून ठेवतो.

गंमत सांगू का, पतंजलींनी योगाच्या वाटेत येणाऱ्या नऊ अडचणींची यादीच दिलीये. आजारपण, मनाचा जडपणा, शंका, निष्काळजीपणा, आळस असं करत करत शेवटची आहे अनवस्थितत्व, म्हणजे एखाद्या पायरीवर पोचूनसुद्धा तिथे टिकता न येणं. तुझा प्रॉब्लेम इतका जुना आहे की तो थेट योगसूत्रात आहे, लाज कसली वाटून घेतेस.

आता हे करून बघ. अलार्म नेहमीचाच ठेव. दात घासून झाले की ब्रश जागेवर ठेवायचा आणि तिथूनच सरळ मॅटवर जायचं, मध्ये फोन नाही. ताडासनात उभं राहून पाच श्वास, मग मांजरासारखी पाठ वर-खाली करायची ते मार्जारासन आठ-दहा वेळा, मग शशांकासनात कपाळ टेकवून थोडं थांबायचं. सहा-सात मिनिटं, बास. जास्त करावंसं वाटलं तरी पहिले दोन आठवडे करू नकोस, थोडी भूक ठेवून उठायचं. आणि लॅपटॉपवर असताना दर २० मिनिटांनी २० फुटांवरच्या कशाकडे तरी २० सेकंद बघायचं आणि तेवढ्यात खांदे कानापासून खाली आणायचे, कारण ते कधी वर चढलेत हे आपल्याला कळतच नाही (आत्ता वाचतानासुद्धा चढलेत का बघ).

प्रश्न: वय ५२, बीपीची गोळी चालू आहे. व्हिडिओ बघून रोज ५०० कपालभाती करतो. एका मित्राने सांगितलं की त्याची गोळी कपालभातीने सुटली, मीपण बंद करू का?

नाही. दादा, गोळी बंद करायचा निर्णय तुमचा नाही, माझा नाही आणि त्या मित्राचा तर अजिबातच नाही. बीपी दुखत नाही हीच त्याची खोड आहे, गोळी सोडल्यावर दोन आठवडे छान वाटतं आणि आत काय चाललंय ते मशीन लावल्याशिवाय समजत नाही.

आता कपालभातीबद्दल. पहिली गोष्ट म्हणजे हठयोग प्रदीपिका या जुन्या ग्रंथात ती प्राणायामात येतच नाही, षट्कर्मांत येते, म्हणजे धौती-नेतीच्या रांगेतली ती शुद्धिक्रिया आहे. त्यात श्वास जोरात बाहेर फेकताना पोटावर झटके बसतात, पोटातला आणि छातीतला दाब वरखाली होतो. म्हणून बीपी कंट्रोलमध्ये नसेल, हृदयाचा त्रास असेल, हर्निया असेल, फिट्स येत असतील, पोटाचं ऑपरेशन नुकतंच झालं असेल किंवा दिवस गेलेले असतील तर कपालभाती नको, भात्यासारखा जोरजोरात श्वास घ्यायची-सोडायची ती भस्त्रिकापण नको. काचबिंदू असणाऱ्यांनी शीर्षासन टाळायचं कारण उलटं झाल्यावर डोळ्यातला दाब वाढतो, ही माहिती त्या व्हिडिओत सहसा नसते. आणि ५०० आकडा कुठून आला हो? आकडा मोजायला लागलो की श्वासाकडचं लक्ष जातं, मग तो नुसता पोटाचा व्यायाम उरतो.

तुम्हाला ज्याचा उपयोग होईल ते इतकं साधं आहे की तुम्हाला ते खरंच वाटणार नाही. खुर्चीत पाठ टेकून बसा, नाकाने चार आकड्यांत श्वास आत, सहा आकड्यांत बाहेर, दहा मिनिटं. एका मिनिटाला साधारण सहा श्वास होतात. श्वास सोडताना हृदयाचे ठोके थोडे मंदावतात, घेताना थोडे वाढतात, हे सगळ्यांच्याच शरीरात चालू असतं, आपण फक्त सोडायची बाजू लांबवतो. असा संथ श्वास नियमित केला तर बीपी थोडं उतरतं असं अभ्यासांत दिसलंय, थोडं, आणि गोळीच्या सोबतीने, गोळीच्या ऐवजी नाही. श्वास कोंडून धरायचा नाही एवढं पाळा. घरी मशीन असेल तर रोज ठराविक वेळी मोजून वहीत लिहा आणि ती वही डॉक्टरांना दाखवा. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली लोणावळ्यात कैवल्यधाम काढलं तेव्हा ते आसनं-क्रिया करणाऱ्यांना एक्स-रे आणि दाब मोजायच्या यंत्रांसमोर बसवायचे, नुसतं ऐकून विश्वास ठेवायचा नाही, मोजून बघायचं. शंभर वर्षांपूर्वी ते हे करत होते आणि आपण आज फॉरवर्डवर गोळी सोडतोय.

प्रश्न: मॅट कुठली घ्यावी, जाडी किती?

न सरकणारी कुठलीही. गुडघे टेकल्यावर दुखत असतील तर खाली घडी घातलेली चादर ठेवा.

प्रश्न: मी २३ वर्षांचा आहे. टेन्शन कमी व्हावं म्हणून मेडिटेशन सुरू केलं, पण डोळे मिटले की विचार दुप्पट होतात, छातीत धडधड वाढते. सगळे म्हणतात विचार थांबव. कसे थांबवू?

अरे, थांबवायचेच नाहीत. 'विचार थांबव' हे सांगणाऱ्याने स्वतः कधी डोळे मिटून पाच मिनिटं बसून बघितलेलं नसतं असं माझं मत झालंय. विचार दुप्पट होत नाहीत, ते आधीपासून तेवढेच असतात, दिवसभर फोन, गाणी, गप्पा यांच्या आवाजात ऐकू येत नाहीत एवढंच. फॅन बंद केल्यावर घड्याळाची टिकटिक ऐकू यायला लागते ना, तसं. घड्याळ काही तेव्हा सुरू झालेलं नसतं.

ध्यानात खरं काम कुठे होतं माहितीये का, लक्ष भरकटलं होतं हे ज्या क्षणी तुझ्या लक्षात येतं ना, तिथे. मग परत श्वासावर यायचं, स्वतःला शिव्या न घालता. दहा मिनिटांत चाळीस वेळा भरकटलास आणि चाळीस वेळा परत आलास तर ती बैठक फसली नाही, जिममध्ये चाळीस वेळा वजन उचलल्यासारखं आहे ते.

पण तुझ्या छातीतल्या धडधडीचं मी वेगळं घेते. काही जणांना डोळे मिटून नुसतं बसणं मानवत नाही, विशेषतः टेन्शन आधीच वर चढलेलं असेल तर, कारण मग लक्ष द्यायला समोर फक्त ती धडधडच उरते आणि तिच्याकडे बघून ती अजून वाढते. अशा वेळी मनाच्या मागे न लागता शरीराकडून जायचं. पतंजलींनी सांगितलेल्या योगाच्या आठ अंगांच्या क्रमात आसन आधी, मग प्राणायाम आणि ध्यान पार सातवं, ते उगीच नाही. आणि योगसूत्रातच म्हटलंय की मन विखुरलेलं असलं की त्याच्यासोबत दुःख, उदासी, अंगाचा कंप आणि बिघडलेला श्वास हे सगळं येतं, म्हणजे धडधड ही काही तुझी एकट्याची भानगड नाही.

तर आधी पंधरा मिनिटं भरभर चाल किंवा सूर्यनमस्कार घाल, अंगातली ती वाफ जाऊ दे. मग बसायच्या ऐवजी आडवा पड, डोळे अर्धे उघडे ठेवले तरी चालतील, आणि लक्ष पायाच्या अंगठ्यापासून हळूहळू वर आणत जा, तळवा, घोटा, पोटरी, कुठे गार आहे, कुठे कपडा लागतोय, एवढंच बघायचं. अमेरिकेत जॉन कबाट-झिन यांनी १९७९ मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या मेडिकल स्कूलमध्ये ताण आणि जुनी दुखणी असलेल्या पेशंटसाठी काही आठवड्यांचा कोर्स काढला, त्यातही सुरुवातीला पडून हेच करून घेतात. पाच मिनिटांपासून सुरू कर. धडधड वाढली तर डोळे उघड, खोलीतल्या पाच वस्तूंची नावं मनात घे, ऊठ, पाणी पी. ताणून धरायचं नाही.

आणि हे प्लीज नीट वाच. झोप उडाली असेल, जेवण जात नसेल, कशातच रस उरला नसेल, किंवा जगावंसं वाटत नाही असा विचार येत असेल, तर मेडिटेशन बाजूला ठेव आणि घरातल्या कुणाला तरी सांगून मानसोपचारतज्ज्ञांकडे जा, आज जा. दात दुखल्यावर आपण प्राणायाम करत बसत नाही.

प्रश्न: मागच्या अंकात तुम्ही लिहिलंत की १०८ सूर्यनमस्कारांचा हट्ट नको. आमच्या ग्रुपमध्ये सगळे घालतात, मीही घालतो, मला काहीच होत नाही. तुम्ही लोकांना घाबरवता.

तुम्हाला होत नाही याचा आनंद आहे, खरंच. मी लिहिलं होतं ते नवीन माणसांसाठी, ज्यांनी पंधरा वर्षं जिना सोडून काही चढलेलं नाही आणि एका रविवारी १०८ घालून सोमवारी मनगट धरून माझ्याकडे येतात. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी, ज्यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात सूर्यनमस्कार घराघरांत आणि शाळांत नेले, त्यांचा भर होता तो रोज घालण्यावर. रोजचे बारा आणि वर्षातून एकदाचे १०८, यात माझं मत पहिल्याला. तरी तुमचा ग्रुप चालू ठेवा, फक्त शेवटच्या वीस-पंचवीसात कंबर खाली कोसळायला लागली की थांबा, तिथून पुढे सूर्याला काही पोचत नाही, मणक्याला पोचतं.

प्रश्न: वय ६७, दोन्ही गुडघे गेलेत, जमिनीवर बसता येत नाही. खुर्चीवर करतो त्याला सून 'टाइमपास' म्हणते. खुर्चीवरचा योग हा खरा योग असतो का?

काका, पतंजलींनी आसनाची व्याख्या दोन शब्दांत केलीये, स्थिरसुखम् आसनम्. स्थिर असावं आणि सुखाचं असावं. जमीन हा शब्द त्यात नाहीये. जवळपास दोनशे सूत्रांत आसनावर फक्त तीन सूत्रं आहेत हेही सूनबाईंना सांगा (प्रेमाने सांगा, नाहीतर माझ्या नावाने घरात भांडण नको). आणि बी. के. एस. अय्यंगार गुरुजींनी खुर्ची, पट्टे, लाकडी ठोकळे, लोड वापरून आजारी आणि कडक झालेल्या शरीरांकडून आसनं करून घेतली, आज जगभर त्याच पद्धतीने शिकवतात. तो टाइमपास असता तर एवढा टिकला असता?

खुर्ची बिनचाकाची, बिनहाताची आणि भिंतीला टेकवलेली हवी. बसून एकेक पाय समोर सरळ करून मांडी घट्ट करायची, दहा आकडे धरायचं, सोडायचं. गुडघ्याच्या वरचा हा स्नायू जितका मजबूत तितका गुडघ्यावरचा भार कमी, त्यामुळे दिवसातून दोनदा हे कराच. बसूनच कमरेतून उजवीकडे-डावीकडे वळायचं, हात वर नेऊन अंग ताणायचं. मग खुर्चीच्या पाठीला धरून उभं राहून टाचा वर-खाली, आणि जमेल तेव्हा धरूनच एका पायावर पाच-दहा सेकंद. तुमच्या वयात पडणं हा सगळ्यात मोठा धोका, त्यामुळे लवचिकतेपेक्षा मला तुमचा तोल महत्त्वाचा वाटतो. वज्रासन, पद्मासन विसरून जा. ताण जाणवला तर चालेल, पण सांध्यात टोचल्यासारखं झालं तर तिथेच थांबायचं, ही दोन वेगळी दुखणी आहेत आणि त्यातला फरक ओळखता येणं हाच निम्मा योग आहे असं मी तरी मानते. मी स्वतः हे चाळिशीत शिकले, शीर्षासन जास्त वेळ धरायच्या ईर्षेपायी मान आखडून सहा आठवडे पट्टा लावून हिंडत होते आणि वर्गात मात्र सगळ्यांना 'शरीराचं ऐका' सांगत होते!

प्रश्न: सकाळी करावं की संध्याकाळी?

जेव्हा रोज जमेल तेव्हा. पोट भरलेलं नको, पूर्ण जेवणानंतर तीन-एक तास जाऊ द्या. सकाळी अंग कडक असतं म्हणून हळू सुरुवात करा, संध्याकाळी मोकळं असतं पण फोन वाजत राहतात. दोन्हीत काहीतरी कमी आहेच.

प्रश्न: सासूबाई दीड वर्ष अंथरुणाला खिळून आहेत, मुलगी पाच वर्षांची. 'स्वतःसाठी एक तास काढा' असं वाचलं की मला रडू येतं. माझ्याकडे दहा मिनिटंही सलग नाहीत.

तुमचा मेसेज मी दोनदा वाचला. एक तास काढा असं लिहिणाऱ्यांमध्ये मीपण होते, काही वर्षांपूर्वी, त्याबद्दल सॉरी.

सगळ्यात आधी तुमची कंबर वाचवू या, कारण ती गेली तर सगळं घर बसेल. सासूबाईंना कुशीवर वळवताना किंवा उठवताना वाकून ओढू नका. एक पाय पुढे एक मागे ठेवायचा, गुडघे वाकवायचे, त्यांना शक्य तितकं आपल्या जवळ घ्यायचं, आणि जोर लावताना श्वास सोडायचा. वीरभद्रासनात उभे राहतो ना, साधारण तसेच पाय. दिवसातून आठ-दहा वेळा हे करावं लागत असेल तर तो तुमचा आसनांचा सराव झाला, वेगळा कशाला हवा.

दुसरं, सलग दहा मिनिटं नाहीत पण सुटे अर्धे मिनिट असतात. नळाखाली हात धरता तेव्हा पाणी गार आहे की कोमट एवढंच बघायचं, पुढच्या कामाचा विचार आला तर येऊ दे, परत पाण्याकडे यायचं. दरवाजाच्या कडीला हात लावला की एक लांब श्वास सोडायचा मग आत जायचं, विशेषतः सासूबाईंच्या खोलीत. याने काम कमी होणार नाही, मी खोटं सांगत नाही, पण दिवसभर दात आवळून राहिलेलं अंग मधेमधे सुटतं आणि रात्री कमी मोडून येतं. आणि मुलगी झोपली की भिंतीला पाय वर टेकवून पाठीवर पडा, कुल्ल्याखाली उशी, पाचच मिनिटं. तिथेच झोप लागली तर लागू दे, ते सगळ्यात उत्तम.

तिसरं योगाचं नाही. आठवड्यातून एक दुपार दुसऱ्या कुणीतरी तिथे बसायला हवं, नवरा, नणंद, पगारी मदतनीस, कुणीही. हे मागताना अपराधी वाटेल, तरी मागा. 'बघा ना कुणाला जमतंय का' असं नका म्हणू, 'शनिवारी दुपारी दोन ते पाच तू ये' असं वार आणि वेळ घालून मागा, मोघम मागितलं की मोघमच उत्तर येतं.

प्रश्न: रात्री तीनला जाग येते आणि मग पाचपर्यंत टक्क. शवासन करून बघितलं, अनुलोम-विलोम झालं, काही नाही.

तुम्ही झोप 'आणायला' शवासन करता, तिथे गोची आहे, कारण मग मनात चौकीदार जागा राहतो की आली का, आली का. वीसेक मिनिटं झोप नाही आली असं वाटलं की सरळ उठा (घड्याळ बघू नका, त्याने हिशोब सुरू होतात), मंद उजेडात खुर्चीत बसून भ्रामरी करा, ओठ मिटून हं... असा गुंजारव आठ-दहा वेळा, मग काहीतरी कंटाळवाणं वाचा, पापण्या जड झाल्या की परत अंथरुणात. फोन दुसऱ्या खोलीत चार्जिंगला, अलार्मसाठी साधं घड्याळ आणा. दुपारनंतर चहा-कॉफी नको, त्यातल्या कॅफिनचा निम्मा भाग उतरायलाच साधारण पाच तास लागतात, काहींना त्याहून जास्त.

आणि रात्र कशीही गेली तरी सकाळी उठायची वेळ एकच ठेवा, रविवारीसुद्धा, उठल्यावर पंधरा-वीस मिनिटं बाहेरच्या उजेडात चाला, शरीराचं घड्याळ त्या उजेडावर लागतं. दुपारी झोपू नका, फारच झालं तर वीस मिनिटं. तीन आठवडे हे करून बघा. झोपेत मोठ्याने घोरणं आणि मधेच श्वास अडकणं असं काही घरच्यांनी सांगितलं असेल तर मात्र तीन आठवडे थांबायचं नाही, आधी डॉक्टरांना दाखवा.